खरी सुई, खोटी सुई

काका कुठलीही वस्तू हातात आली की आधी वाकवून बघायचे. चमचा असो, कुंडीतल्या रोपाची काडी असो, नाहीतर तुमच्या गाडीचा वायपर असो. अंगठा आणि दोन बोटांत धरायची, हळूच वाकवायची, सोडून द्यायची आणि भुवया उंचावून बघत राहायचं. वस्तू जागेवर परत आली तर समाधान. नाही आली, किंवा मोडलीच, तर आपल्याकडे असं बघायचे, जणू ती आपणच बनवली होती.

आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दिवाळीच्या फराळाला. मी केलेली चकली त्यांनी ताटातून उचलली आणि वाकवली. ती अर्थातच मोडली.

"मोडली," काका म्हणाले.

"चकली मोडायलाच हवी काका. वाकली तर फसली म्हणायचं."

"हो, पण परत येत नाही ना!"

शेजारी काकू बसल्या होत्या. "खा हो गुपचूप," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. काकूंचं ते हसू होतं म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले. एरवी फराळाची तपासणी करणाऱ्या पाहुण्याला मी दुसऱ्यांदा चहा विचारत नाही.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. आयुष्यभर एक काम केलेलं असतं आणि सगळं जग त्या एका कामाच्या मापाने मोजायचं असतं. काकांचं काम होतं प्लॅस्टिकचं. आधी पुण्यात, मग मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, मोटारींचे डॅशबोर्ड बनवण्यात त्यांचा जन्म गेला. डॅशबोर्ड उन्हात तडकू नये, थंडीत आकसू नये, त्याचा रंग उडू नये, एवढीच त्यांची साधना. निवृत्त झाल्यावर बर्फाला कंटाळून दोघं इथे नॉर्थ कॅरोलायनात, केरीला आली आणि आमच्या बरोबर समोरचं घर त्यांनी घेतलं. "वीस वर्षं उन्हात राहिला तरी नवा दिसेल असा डॅशबोर्ड मी केलाय," हे वाक्य मी पहिल्या महिन्यातच सहा वेळा ऐकलं. सातव्यांदा ते म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "गाडी कुठे टिकते काका तेवढी?" त्यांनी माझ्या पोस्टाच्या पेटीचं दार वाकवून बघितलं.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "एकदाच करायचं, पण कायमचं." हे ते कशालाही लावायचे. दात काढताना, छप्पर बदलताना, चष्मा घेताना.

आता आमच्या भागाबद्दल थोडं सांगायला हवं. इथे जिकडेतिकडे पाइनची झाडं आहेत. उंच, सरळ, खाली बघायलाही तयार नसलेली. शरदात त्यांची पानं गळतात, वीतभर लांब, सुयांसारखी, तांबूस तपकिरी. त्याला इथे पाइन स्ट्रॉ म्हणतात. लोक त्याचे गठ्ठे विकत आणतात आणि घरासमोरच्या वाफ्यांत, झुडपांच्या बुंध्याशी पसरतात. त्याने ओल टिकते, तण उगवत नाही, वाफा नीटनेटका दिसतो. वर्षभरात सुया राखाडी पडतात, खालच्या कुजून मातीत जातात. मग पुन्हा नव्या पसरायच्या. घरं लिंपायची तसंच हे.

मी मातीवर जीव टाकणारी बाई आहे. घरामागे माझा खताचा ढीग आहे, त्यात गांडुळं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मी पाहुण्यांना न विचारता सांगते. वसाहतीच्या बाग-समितीवरही मी आहे. कुणाच्या वाफ्यात काय असावं, कुणाची झुडपं किती वाढावीत हे ठरवणारी तीन माणसांची समिती. इथे आपल्या घरापुढचं अंगणसुद्धा पूर्णपणे आपलं नसतं. ते कसं दिसावं हे वसाहत ठरवते आणि तसं न दिसल्यास तंबीचं पत्र पाठवते.

काकू होत्या तोवर काकांना पत्र आलं नाही. दर मार्चमध्ये काकू स्वेटर घालून, गुडघ्याखाली उशी घेऊन सुया पसरायच्या. बरेचदा मीही जायची मदतीला. काका दारात उभे राहून सूचना करायचे. "एकसारखं पसरा. तिकडे जाड झालंय." आम्ही दोघी ऐकायचो नाही. मग काकू गेल्या. दोन दिवस ताप आल्याचं निमित्त झालं आणि आठवड्यात बाई गेली. त्या वर्षी वाफ्यात कुणी काही पसरलं नाही. सुया राखाडी झाल्या, तण गुडघ्याला लागलं. पहिलं पत्र गेलं. मग दुसरं.

त्यांचा मुलगा सॅन होजेला असतो. काकू गेल्यावर काकांनी घराची सगळी कागदपत्रं आणि सह्या करण्याचा अधिकारसुद्धा त्याच्या नावे करून दिला होता. मी म्हटलं, "काका, जरा थांबायचं होतं." तर म्हणाले, "एकदाच करायचं, पण कायमचं." घ्या. वसाहतीची पत्रं त्यामुळे मुलालाही जायची. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, इट्स टू मच हाउस. यार्ड तुम्हाला झेपत नाही. इकडे माझ्याजवळ सीनियर लोकांचं अपार्टमेंट बघतो." आणि शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं की तिसरं पत्र आलं तर मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार.

काका हे सगळ्या गल्लीला सांगत फिरायचे. "मला इथून हलायचं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर काय करू? तिथे कॉंक्रीट वाकवून बघू?" लोक हळहळायचे. मीही हळहळले, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "काका, मार्चमध्ये मी येते, आपण दोघं सुया पसरू. अर्ध्या दिवसाचं काम आहे." हात जोडून त्यांनी नको म्हटलं. "दर वर्षी तू येणार का? मी ऐंशीचा झाल्यावर येशील? त्यापेक्षा असं काहीतरी करतो की विषयच संपेल."

आणि त्यांनी शोधून काढलं. प्लॅस्टिकचा पाइन स्ट्रॉ.

हो, असतो. पाइनच्या सुयांसारख्याच वीतभर लांब, तांबूस तपकिरी, प्लॅस्टिकच्या सुया. रंग उडत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही. नमुना आला तेव्हा काका रस्ता ओलांडून धावत माझ्याकडे आले. एक सुई वाकवली, सोडली. टकन जागेवर आली.

"बघितलंस? परत येते."

"काका, ही मातीत जाणार नाही कधी."

"मातीत जायला ठेवायचीच नाहीये गं. वर राहायला ठेवायची आहे."

"मातीला श्वास लागतो काका."

"मातीने श्वास घ्यावा म्हणून मी गुदमरायचं का सॅन होजेला?"

उत्तर बिनतोड होतं, हे आज कबूल करते. त्या दिवशी मला फक्त संताप आला. डोक्यावर सात पाइनची झाडं, वर्षाला पोतीच्या पोती सुया फुकट गाळणारी, आणि हा माणूस प्लॅस्टिकच्या सुया विकत आणणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "आपल्यासमोर प्लॅस्टिककाका राहतात." नाव गल्लीत दोन दिवसांत रुळलं. मला त्याचा अभिमान वाटला होता.

नवीन काही पसरायचं तर समितीची परवानगी लागते. बैठक क्लबहाउसमध्ये होती. आम्ही तिघं एका बाजूला आणि समोर इस्त्रीचा शर्ट घातलेले काका. त्यांनी दोन ताटल्या टेबलावर ठेवल्या. दोन्हीत सुया.

"एकीत खरं आहे, एकीत सिंथेटिक," ते इंग्रजीत म्हणाले. "हात लावायचा नाही. लोक रस्त्यावरून बघतात, हात लावत नाहीत. नजरेने सांगा."

दुसरे दोघे अमेरिकन. त्यांनी डावीकडचं खरं म्हणून सांगितलं. मी हसले. मला हे काय विचारता, असं ते हसू होतं. मी वाकून नीट बघितलं. रंगातला फरक, टोकांची वळणं, कुठे कुठे चिकटलेली धूळ. मीही डावीकडे बोट दाखवलं.

काकांनी डाव्या ताटलीतली सुई उचलली आणि वाकवून सोडली. टक.

धूळ त्यांनी मुद्दाम लावली होती.

दोघं अमेरिकन टाळ्या वाजवून हसले. काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता, नुसतं हायसं वाटणं होतं. ते मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की पंधरा वर्षं माती चिवडणाऱ्या बाईला एका डॅशबोर्डवाल्याने चारचौघांत तोंडावर पाडलं. परवानगी देणं भाग होतं. पण मी पेन उचलून खाली एक अट घातली: वाफ्यावर पडणारा नैसर्गिक पाला मालकाने वेळच्या वेळी काढावा आणि वाफा सदैव एकसारखा दिसावा. न दिसल्यास पत्र पाठवले जाईल.

काकांनी अट वाचली, दोनदा वाचली. त्यांना अटी आवडायच्या. आयुष्यभर मापं आणि अटी पाळूनच डॅशबोर्ड केले होते. "व्हेरी फेअर," ते म्हणाले आणि सही केली. वर मला म्हणाले, "बरं झालं, तू लिहून दिलंस. स्पष्ट असलेलं बरं."

मला तेव्हाच माहीत होतं. सात पाइनच्या झाडांखाली राहणाऱ्या माणसाने कशावर सही केलीय, हे मला पुरतं माहीत होतं. काकांना नव्हतं. त्यांनी गुणधर्म तपासले होते, रंग तपासला होता, ऊन तपासलं होतं. वर मान करून बघितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये खोकी आली. काकांनी मोटारीतली रबरी चटई गुडघ्याखाली घेतली आणि चार दिवस खपून, जुन्या सुया पार मातीपर्यंत खरवडून, नव्या पसरल्या. काठावर पट्टी लावून जाडी मोजत होते. वाफा झाला मात्र देखणा, हेही सांगायला हवं. उन्हाळाभर आमच्या सुया फिक्या पडत गेल्या आणि त्यांचा वाफा पहिल्या दिवसासारखा तांबूस. येणाऱ्याजाणाऱ्याला ते थांबवून सांगायचे, "विषय संपला." मुलालाही फोटो पाठवायचे. पत्र येणं बंद झालं होतं. मुलगा अपार्टमेंटचं नाव काढेनासा झाला होता. काका इतके खूश होते की माझ्याकडे कढीपत्ता मागायला आले तेव्हा फांदी न वाकवताच घेऊन गेले.

ऑक्टोबर संपताना पाइन गळायला लागले.

पहिल्या वाऱ्यानंतर सकाळी काका दारात आले आणि थबकले. तांबूस वाफ्यावर तांबूस सुया. त्यांनी वर पाहिलं. त्या घरात सहा वर्षं राहिलेला माणूस, झाडांकडे पहिल्यांदा बघत असल्यासारखा बघत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा पीत होते. इतका चवदार चहा मी बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते.

दुपारी त्यांनी पाला उडवायचं यंत्र आणलं. यंत्राला काय, खरी सुई आणि खोटी सुई सारखीच. दोन्ही उडाल्या. अर्धा वाफा रस्त्यावर आणि उरलेला माझ्या अंगणात. काका सुया गोळा करायला आले तेव्हा मी म्हटलं, "काका, राहू दे की ते वर पडलेलं. खरा पाइन स्ट्रॉच आहे. फुकट पडतोय."

"तसं कसं? उन्हाळ्यानंतर ती राखाडी होते. मग डाग दिसतात. एकसारखं दिसलं पाहिजे. सही केलीय ना मी."

मी त्यावेळी म्हणू शकले असते, की काका, ती अट मीच घातली, मीच काढते. पुढच्या बैठकीत दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, "हो, ते आहेच."

तेव्हापासून काका वेचू लागले. रोज सकाळी दहाला, रबरी चटईवर गुडघे टेकून, हातात स्वयंपाकघरातला पोळ्या भाजायचा चिमटा. काकूंचा असणार, दुसरं कोण आणणार. एक एक खरी सुई उचलायची आणि पिशवीत टाकायची. प्लॅस्टिक स्वच्छ राहावं म्हणून निसर्ग वेचून काढायचा. बरं, पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक सुई बोटांत धरून वाकवायचे. जित्याची खोड. मला वाटायचं, माणूस आता वेडाच्या काठावर आहे. दुपारपर्यंत अर्धा वाफा व्हायचा आणि संध्याकाळच्या वाऱ्याने पुन्हा भरायचा. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

एकदाच करायचं होतं यांना.

नोव्हेंबरच्या मध्यावर मी खिडकीतून त्यांचा व्हिडिओ काढला. पाऊण मिनिटाचा. चिमटा, सुई, वाकवणं, पिशवी. पुन्हा चिमटा, सुई, वाकवणं, पिशवी. मध्येच उठताना त्यांचा तोल गेला, त्यांनी हात झाडाला टेकवला, तेही त्यात आलं. आमच्या वसाहतीतल्या मराठी घरांचा एक ग्रुप आहे, त्यात काका नव्हते. मी तिथे टाकला आणि खाली लिहिलं, "वऱ्हाडात कापूसवेचणी, केरीत सुयावेचणी. एकदाच करायचं, पण कायमचं!"

लोक हसले. रडेपर्यंत हसणारे पिवळे चेहरे रांगेने आले. एकीने लिहिलं, "यार, तू लिहायला लाग." दिवसभर मी त्या फुशारकीत होते.

आठवडाभरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि काकांच्या दारात भाड्याची गाडी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात काकांचा मुलगा. मी त्याला आधी दोनदाच पाहिलं होतं. उंच, सभ्य, हातात केकचा डबा.

"मावशी, थँक यू सो मच," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"तुमच्या व्हिडिओबद्दल. कुणीतरी मला फॉरवर्ड केला. बाबा फोनवर नुसते 'ऑल गुड, विषय संपला' म्हणतात. मला वाटलं, ते खरंच मॅनेज करतायत. आय हॅड नो आयडिया की ते रोज असे गुडघ्यांवर... आणि पडले असते त्या दिवशी. यू सेव्ड हिम, रिअली." त्याने डोळे पुसले. "मी त्यांना घेऊन जातोय. मंगळवारची फ्लाइट आहे."

मी केकचा डबा घेतला. दुसरं काय करणार? त्याला म्हणायला हवं होतं, की मी काळजीने नाही, चेष्टेने काढला होता. त्याऐवजी मी म्हटलं, "अरे, शेजारी कशाला असतात?" हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि मी आयुष्यात कुणाचाही इतका तिरस्कार केलेला नाही, जितका दार लावल्यावर त्या वाक्याचा केला.

सोमवारी काका निरोप घ्यायला आले. हातात उरलेल्या प्लॅस्टिकच्या सुयांचं अर्धं खोकं. "तुझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाक," म्हणाले. बसा म्हटलं, बसले नाहीत.

"काका, तो व्हिडिओ..."

"बघितला. मुलाने दाखवला." मी मान खाली घातली. "छान आलाय गं. वाफ्याचा बेड काय एकसारखा दिसतोय त्यात! मी मुलाला म्हटलं, थांबव तिथे, आता सांग यात खरी सुई कुठली, खोटी कुठली. त्याला नाही आलं सांगता."

मी वर बघितलं. टोमणा असेल तर चेहऱ्यावर दिसेल म्हणून. तिथे काहीही नव्हतं. माणसाला आपली चेष्टा झालीय हेसुद्धा कळलेलं नव्हतं, किंवा कळून त्याने ते टाकून दिलं होतं. या दोन्हींतलं काय खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"वसंतापर्यंत बघू म्हणालाय तो," काका म्हणाले. "थंडी काढतो तिकडे. बेड नीट राहिला, पत्र नाही आलं, तर परत यायला काय हरकत आहे?" आणि जाता जाता त्यांनी माझ्या दाराची मूठ हलवून बघितली. "ढिली झालीय. करून घे."

ते गेले आणि आठवड्यात समोर विक्रीचा बोर्ड लागला. मुलाकडे सह्यांचा अधिकार होताच. नाताळच्या आधी बोर्डावर आडवी पट्टी चढली. म्हणजे गिऱ्हाईक मिळालं, आता फक्त कागद व्हायचे. मुलाला दोष देत नाही. आपल्या बापाला गुडघ्यांवर रांगताना बघून कुठला मुलगा वाट बघेल? ते बघायला त्याला मीच तर खिडकी दिली होती.

नाताळनंतरच्या शनिवारी सकाळी काकांचा फोन आला.

"कशी आहेस? थंडी आहे का?"

"आहे काका. तुम्ही कसे?"

"मी बरा आहे. इथे झाडच नाही गं. बाल्कनीत पाऊल ठेवलं की भिंत. काही पडत नाही, काही उडत नाही." आणि लगेच, "बेड कसा आहे?"

मी खिडकीशीच होते. डिसेंबरच्या वाऱ्याने वाफा पार भरला होता. मध्ये बोर्ड, त्यावर पट्टी.

"एकसारखा आहे काका," मी म्हटलं.

"खरं?"

"हो. पत्र वगैरे काही नाही."

"वा! मग विषय संपला," ते म्हणाले, आणि इतके मनापासून हसले की मी फोन कानापासून लांब धरला.

माणूस मूर्ख होता, हे मी आजही म्हणते. पाइनच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या सुया पसरणाऱ्याला शहाणा म्हणायची माझी तयारी नाही. त्या सुयांचे तुकडे आता माझ्या खताच्या ढिगात निघतात, परवा एका चिमणीच्या घरट्यातही दिसले, आणि ते माझ्या नातवंडांनंतरही तिथेच असणार. पण आपल्या घरात राहायचं म्हणून त्याने ते केलं होतं. मी जे केलं ते कशासाठी केलं होतं? एका ताटलीकडे बोट चुकलं म्हणून.

फोन ठेवून मी चिमटा घेतला, पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडला. घर आता कुणाचं होतं, देव जाणे. गुडघे टेकले. पहिली सुई उचलली आणि पिशवीत टाकणार, तेवढ्यात शंका आली, ही त्यांनी पसरलेली तर नव्हे? डोळ्यांजवळ नेली. रंग तोच, लांबी तीच, टोकाचं वळण तेच. आठ महिन्यांच्या धुळीने खोट्या खऱ्यासारख्या झाल्या होत्या आणि खऱ्या अजून ताज्या होत्या. हात लावूनही कळेना.

मग मी सुई अंगठा आणि दोन बोटांत धरली आणि वाकवली. ती मोडली. ती खरी होती.

एवढ्यासाठी ते प्रत्येक सुई वाकवत होते. दुसरा उपायच नव्हता. मी व्हिडिओ काढून, त्यांना नावं ठेवून, गावाला दाखवला होता, आणि तो बिचारा फक्त खरी कुठली ते बघत होता.

गुडघे ओले झाले, बोटं गारठली. समोर माझ्याच खिडकीत नवरा कप घेऊन उभा होता. त्याने हात हलवला, मी हलवला नाही. दुपारपर्यंत बसले. जी मोडली ती पिशवीत टाकली, जी परत आली ती होती तिथेच ठेवली.